स्मृतिभ्रंशाची चाळणी आणि मावळचे म्हातारपण

गावोगावी फिरणाऱ्या आशा स्वयंसेविकेने तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाचे एक आरोग्यपत्रक भरावयाचे असते. पुढे त्याची नोंद सरकारी ॲपमध्ये होते. या पत्रकात साठी उलटलेल्यांसाठी जे मोजके प्रश्न आहेत, त्यांपैकी एक असा : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता आपण विसरता काय? उत्तर 'होय' आले, तर त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, अशी सूचना आहे. मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग यांच्या पंक्तीला म्हातारपणीच्या विस्मृतीलाही बसवावे, हे आरोग्य खात्याला सुचले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु या एका प्रश्नातच साऱ्या योजनेची मर्यादाही उघडी पडते. ज्याला लेकीचे नाव आठवत नाही आणि स्वतःचे घर सापडत नाही, त्याचा आजार ओळखण्यासाठी कोणत्याही ॲपची गरज उरलेली नसते. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना ते केव्हाच ठाऊक झालेले असते. शिवाय आपण विसरतो याचाच विसर पडणे हे या आजाराचे एक लक्षण असल्यामुळे, विसरणाऱ्यालाच 'तुम्ही विसरता काय' असे विचारून मिळालेल्या उत्तरावर किती भिस्त ठेवावी, हाही प्रश्न आहे.

मावळ तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न मुद्दाम विचारला पाहिजे. शहर आणि दुर्गम खेडे, बंगला आणि झाप, निवृत्तिवेतन आणि भातशेती ही सारी एकाच तालुक्याच्या हद्दीत नांदत असल्याने, प्राथमिक आरोग्यसेवेत स्मृतिभ्रंश हुडकण्याची नवी साधने कोठे उपयोगी पडतील आणि कोठे फसतील, याची कसोटी येथे जशी लागेल तशी फार थोड्या ठिकाणी लागेल.

आजाराची व्याप्ती लहान नाही. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज त्यांत आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेत मावळची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे एक जण साठीच्या पुढचा होता. देशाचे प्रमाण एखाद्या तालुक्याला जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. तथापि ठोकळमानाने पाहिले, तर त्या वेळीच या तालुक्यात पावणेतीन हजारांच्या आसपास असे रुग्ण असावेत. यांपैकी किती जणांच्या हाती निदानाचा कागद आहे, असे कोणत्याही सरकारी दवाखान्यात विचारले, तर उत्तर मिळणे कठीण.

'साठी बुद्धी नाठी'

निदान होत नाही, याला डॉक्टरांची वाण हे एकच कारण नाही. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीने विस्मृतीला म्हातारपणाचा स्वभावधर्म ठरवून टाकले आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे सांगितल्यावर लोकांना ती ओळखीची वाटली. परंतु हा आजार आहे, असे मात्र फारसे कोणाला वाटले नाही. कोणी ते वयाचे लक्षण मानले, तर कोणी मुलांनी आईबापांची आबाळ केल्याचे फळ मानले. गोव्यात जे आढळले, ते सह्याद्रीच्या अलीकडील खेड्यांना अपरिचित वाटू नये. म्हातारी दिवसातून चार वेळा 'मला जेवायला दिले नाही' म्हणू लागली, की गाव सुनेला बोल लावते. दिवसभर सासूच्या मागे असणारी ती सून मग दाराशी आलेल्या आरोग्यसेविकेला 'सगळे ठीक आहे' असेच सांगते. रोग लपतो, तो असा दुहेरी लपतो. एकीकडे तो वयात विरघळून जातो आणि दुसरीकडे घराच्या अब्रूआड दडतो.

अशा स्थितीत मोबाईलवर किंवा टॅबलेटवर चालणाऱ्या चाचण्यांची आशा वाटणे स्वाभाविक आहे. कागदावरील चाचण्या जुन्याच आहेत. अमेरिकेतील फोल्स्टाईन दांपत्य आणि मॅकह्यू यांची तीस गुणांची चाचणी १९७५ सालची, तर कॅनडातील माँट्रियल येथे तयार झालेली चाचणी २००५ सालची. त्यांना दहा-पंधरा मिनिटे आणि शिकविलेला माणूस लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला बाह्यरुग्ण विभागात प्रत्येक रुग्णामागे एवढा वेळ मिळत नाही. नवी साधने प्रश्न स्वतः बोलून विचारतात आणि गुण स्वतःच मोजतात. टॅबलेटवर घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले, तर कागदावर केवळ तयार चित्र दिसते. यंत्राला मात्र हात कोठे थबकला, आकडे कोणत्या क्रमाने लिहिले आणि किती वेळ लागला, हेही टिपता येते. काही साधने बोलण्यातील विराम आणि शब्द शोधताना होणारी अडखळ तपासतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्राथमिक सेवेतील कार्यकर्त्यांसाठी जी वृद्धसेवा पद्धती ॲपसह पुढे आणली, तिच्यात तर तीन शब्द लक्षात ठेवणे आणि काळ-स्थळाचे भान सांगणे एवढ्याच गोष्टींनी सुरुवात होते. साधन सोपे आहे, स्वस्त आहे आणि डॉक्टरवाचून चालते. मग अडते कोठे?

एका तालुक्यातील दोन जगे

अडते ते प्रश्न विचारणाऱ्याच्या आणि उत्तर देणाऱ्याच्या जगांमधील अंतरापाशी. आज पंच्याहत्तरीत असलेल्या मावळातील स्त्रियांचे बालपण १९६१ च्या जनगणनेच्या आगेमागे गेले. त्या जनगणनेत देशातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. आंदर मावळात, नाणे मावळात किंवा पवन मावळात हयातभर भातलावणी केलेल्या अशा एखाद्या आजीला घड्याळ काढा, घनाकृतीची नक्कल करा, शंभरातून सात सात वजा करीत चला, असे सांगणे ही स्मरणशक्तीची परीक्षा नव्हे. ती न मिळालेल्या शाळेची परीक्षा होय. त्यातून पडदा काचेचा आणि बोटे कष्टाने राठ झालेली. रेशन दुकानातील यंत्रावर ज्या हातांचा ठसा उमटत नाही, त्या हातांच्या चाचपडण्याला टॅबलेटने मेंदूचा मंदपणा समजावा, ही भीती काल्पनिक नाही. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांची त्यात भर पडते. ऐकू न आलेला शब्द आठवणार तरी कसा?

उलट लोणावळ्याकडे पाहावे. रेल्वेतून, सैन्यातून, शाळा-महाविद्यालयांतून आणि मुंबईच्या कचेऱ्यांतून निवृत्त झालेले अनेक जण हवापालटाच्या या गावी स्थायिक झाले आहेत. शिक्षणाची शिदोरी मोठी असलेला माणूस स्मृती ढासळू लागल्यावरही अशा चाचणीत पुरेसे गुण मिळवू शकतो. तीन शब्द सांगतो, तारीख सांगतो, घड्याळही काढतो. घरी मात्र विजेचे बिल दोनदा भरतो, गॅस चालू ठेवून फिरायला जातो आणि फोनवरील भामट्याला बँकेचा सांकेतिक क्रमांक सांगून बसतो. मुले पुण्यामुंबईस किंवा परदेशी असल्याने हा बदल पाहणारेही जवळ कोणी नसते. म्हणजे एकच साधन आंदर मावळात धडधाकट आजीला रोगी ठरवील आणि लोणावळ्याच्या बंगल्यातील खऱ्या रुग्णाला निरोगी ठरवून मोकळे करील.

यावर उपाय नाही असे नव्हे, आणि तो परदेशातून आणावयाचीही गरज नाही. हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोल्स्टाईन चाचणीचा हिंदी अवतार सिद्ध केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी केवळ भाषांतर केले नाही, प्रश्नच बदलले. वाचता येण्यावर आणि लिहिता येण्यावर अवलंबून असलेले प्रश्न त्यांनी काढले. आता सकाळ आहे की दुपार, हे त्यांनी विचारले. वाक्य लिहावयास न सांगता घराविषयी काही बोलावयास सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही देशी भाषांसाठी चाचण्यांचा संच तयार करविला. २०२० साली त्याची जी माहिती प्रसिद्ध झाली, तीत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. पहिल्या पाचांत मराठी नव्हती, याची खंत मराठी विद्यापीठांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना वाटावयास हवी होती.

मावळासाठी साधन करावयाचे, तर ते मावळच्या जीवनातून घडले पाहिजे. राब भाजण्यापासून भात झोडण्यापर्यंतची कामे क्रमाने सांगणे, ही आजींसाठी क्रमबद्ध विचाराची उत्तम परीक्षा आहे. कार्ल्याच्या एकवीरेची मोठी यात्रा कोणत्या महिन्यात भरते, हा काळाच्या भानाचा प्रश्न आहे. आठवडे बाजारात पाचशेची नोट मोडल्यावर किती परत यावेत, हे गणित शाळेत न गेलेल्यालाही येते, आणि ते येईनासे झाले तर त्याला अर्थ असतो. मात्र असे प्रश्न सुचले म्हणून लगेच वापरावयाचे नसतात. निरोगी आणि रोगी अशा दोन्ही प्रकारच्या वृद्धांवर, शिकलेल्या आणि न शिकलेल्यांवर ते वेगवेगळे पारखून घ्यावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाची तुलना परक्या सरासरीशी न करता त्याच्या स्वतःच्याच कालपर्यंतच्या वकुबाशी केली पाहिजे. 'पाच-दहा वर्षांपूर्वी जे जमत होते, ते आता जमेनासे झाले काय?' हा प्रश्न घरातील जवळच्या माणसाला विचारला, तर शाळा किती झाली याचा अडसर बराच कमी होतो. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तरे शेजारी शेजारी ठेवणे, हे काम वहीपेक्षा ॲप अधिक चांगले करू शकते. डिजिटल साधनाचे खरे बळ येथे आहे.

चाळणीचे गणित

एक साधे गणित मांडून पाहिले, म्हणजे चाळणी आणि निदान यांतील अंतर कळेल. एक हजार वृद्ध आहेत आणि त्यांत ७४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, असे धरू. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे. शंभर रोग्यांपैकी ८५ जणांना ती पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ८५ जणांना सोडते, असेही धरू. तर ७४ पैकी ६३ रुग्ण सापडतील, ११ निसटतील. उरलेल्या ९२६ निरोग्यांपैकी मात्र १३९ जणांवरही संशयाची खूण पडेल. म्हणजे खूण पडलेल्या २०२ जणांपैकी खरे रुग्ण ६३, दहांतून जेमतेम तीन. यंत्र बिघडलेले नसताना हे घडते. आजार थोड्यांना आणि तपासणी सर्वांची असली, की असेच घडावयाचे.

म्हणूनच जगातही या बाबतीत घाई झालेली नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक कृती गटाने २०२० मध्ये निर्णय दिला, की कोणतीही तक्रार नसलेल्या सरसकट सर्व वृद्धांची अशी चाळणी करण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कौल देण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. या निर्णयाचा अर्थ 'तपासू नका' असा नव्हे. ज्याच्याविषयी घरच्यांना शंका आहे, त्याला तपासलेच पाहिजे. अर्थ इतकाच, की चाळून पुढे काय करणार, हे ठरविल्याखेरीज चाळू नये.

चाळणीनंतर काय?

सारा प्रश्न येथे येऊन ठेपतो. खूण पडलेल्या वृद्धासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात काहीच करता येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. विसरणे दर वेळी अल्झायमरच्या आजारामुळेच होते असे नाही. थायरॉईडचा मंदपणा, खिन्नतेचा आजार, झोपेच्या गोळ्या, दारू, पडल्यानंतर मेंदूवर साचलेले रक्त आणि ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही बुद्धी मंदावते. यांतील पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. ब-१२ च्या बाबतीत तर पुणे जिल्ह्याने अधिकच जागरूक राहावयास हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडपट्ट्यांतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होते. ते कमी असलेला प्रत्येक जण स्मृतिभ्रंशाचा रोगी नव्हे, हे खरे. पण ज्याची स्मृती ढळू लागली आहे, त्याचे ब-१२ तपासावयाचेच नाही, याला क्षमा नाही. ही उणीव वेळीच सापडली, तर साध्या इंजेक्शनाने भरून काढता येते. फार उशीर झाला, तर झालेली हानी राहून जाते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा धोके सांगितले आणि ते टाळता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असे म्हटले. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, उपचार न झालेली मंद दृष्टी, खिन्नता, एकाकीपण आणि अपुरे शिक्षण आहे. ही यादी एखाद्या मोठ्या मेंदूरुग्णालयाची नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्राची आहे. अल्झायमरच्या प्रारंभिक अवस्थेसाठी अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध महाग आहे आणि त्याला मेंदूची वारंवार चित्रे काढावी लागतात. कानयंत्र, चष्मा आणि रक्तदाबाची गोळी यांना मात्र आरोग्य केंद्राच्या पायरीपलीकडे फार दूर जावे लागत नाही.

आणि ज्यांचा आजार बरा होणारा नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही गोव्याने वाट दाखविली आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ८१ कुटुंबांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना आजार समजावून दिला, वागणुकीतील अडचणी कशा हाताळाव्यात हे सांगितले, सरकारी मदत मिळवून देण्यास हात दिला. त्याने सांभाळणाऱ्यांच्या मनावरील ताण लक्षणीय कमी झाला. सुनेला दोष देणाऱ्या गावात कोणी येऊन 'हा आजार आहे, तुझा अपराध नाही' एवढे सांगितले, तरी ते औषधाइतके मोलाचे ठरते. हे काम आशा स्वयंसेविका करू शकतील. पण त्यासाठी त्यांना शिक्षण आणि कामाचा वेगळा मोबदला दिला पाहिजे. आधीच नोंदींच्या ओझ्याखाली वाकलेल्या या स्त्रियांवर आणखी एक ॲप लादून वृद्धसेवा साधणार नाही.

सातबारा आणि स्मृती

मावळात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि येथील जमिनीला पाहता पाहता सोन्याचे मोल आले. सातबाऱ्यावर आजोबांचे किंवा आजीचे नाव आणि त्यांची स्मृती ढळू लागलेली, अशा घरात स्मृतिभ्रंशाची खूण हे दुधारी शस्त्र होऊ शकते. आजाराचे निदानच न झालेल्या वृद्धाचा अंगठा खरेदीखतावर सहज घेतला जाईल. उलट मोबाईलवरील चाळणीत पडलेली खूण दाखवून शहाण्या माणसाचा व्यवहार वेडाच्या सदरात घालण्याचाही प्रयत्न होईल. १८७२ च्या करार कायद्याच्या १२ व्या कलमानुसार करार करताना माणसाला त्याचा अर्थ समजावा आणि आपल्या हिताचा विचार करता यावा, एवढी अपेक्षा असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर स्पष्ट केले आहे, की केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी मनाने अक्षम ठरत नाही. ते ठरविणे न्यायालयाचे काम आहे. जेथे निदानही पुरत नाही, तेथे चाळणीची खूण काय पुरणार? म्हणून ही नोंद फक्त रुग्ण, त्याने निवडलेला विश्वासू माणूस आणि डॉक्टर यांनाच पाहता यावी, ग्रामपंचायत, दलाल किंवा भाऊबंद यांच्या हाती ती पडू नये, याची हमी साधन वापरण्यापूर्वी दिली पाहिजे.

या साऱ्याचा विचार करता मावळसाठी कार्यक्रम ठरविणे अवघड नाही. पत्ता विसरण्याचा उशिराचा प्रश्न बदलून घरच्यांना विचारावयाचे बदलाचे प्रश्न घ्यावेत. ज्यांच्यावर खूण पडेल, त्यांचे कान, डोळे, रक्तदाब, साखर, थायरॉईड, ब-१२ आणि मनाची खिन्नता आधी तपासावी. त्यानंतरही शंका उरली, तर शिकविलेल्या माणसाने समोर बसून दुसरी चाचणी घ्यावी. तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर यावेत. पावसाळ्यात खोऱ्यातून येणे अशक्य असते, तेव्हा उपकेंद्रातूनच दूरध्वनीवरून त्यांचा सल्ला मिळावा. तळेगाव दाभाडे येथे ग्रामीण भागासाठी काढलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठी साधन पारखून घेण्याचे काम अशा संस्थांनी हाती घ्यावे. आणि किती जणांना चाळले, यापेक्षा चाळलेल्यांपैकी किती जण डॉक्टरपर्यंत पोचले व किती घरांना आधार मिळाला, यावरून योजनेचे यश मोजावे.

शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनीही हा विषय आरोग्य खात्याचा म्हणून सोडून देऊ नये. पहिली लक्षणे दवाखान्यात नव्हे, तर बँकेच्या खिडकीपाशी, टपाल कचेरीत, रेशन दुकानात आणि नेहमीच्या वाटेवर दिसतात. निवृत्तिवेतनधारकाची सही जुळेनाशी झाली, तोच अर्ज त्याने तिसऱ्यांदा मागितला, नातवाला शाळेतून आणावयास निघालेले आजोबा दुसऱ्याच फाट्यावर उतरले, तर हसण्यापेक्षा किंवा खेकसण्यापेक्षा घरच्यांना हळूच सांगणे अधिक उपयोगाचे. पत्ता विसरलेल्या माणसाला घरी पोचविणे हा शेजारधर्म आहे. तो पत्ता विसरण्यापूर्वीच त्याच्यापर्यंत पोचणे हे आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य होय, आणि ते प्रश्न विचारून संपत नाही, तर तेथून सुरू होते.